ही नळी कुठली?

इंजिनाचं काम संपवून मिस्त्री हात पुसायला लागला की गॅरेजात एक प्रश्न हमखास निघतो. आधी पोऱ्या मिस्त्रीला विचारतो, मग मिस्त्री पोऱ्याला विचारतो आणि शेवटी दोघेही गाडीच्या मालकाकडे बघतात. "ही नळी कुठली?" करंगळीहून बारीक, काळी, रबरी नळी. एक टोक कुठेतरी घट्ट बसलेलं, दुसरं हवेत डोलणारं, आणि ते बसू शकेल अशी तीन निपलं समोर मोकळी. बोल्ट उरला असता तर काही अडचण नव्हती. मिस्त्री तो डब्यात टाकतो आणि "कंपनी एखाददुसरा जास्तच लावते" म्हणून मोकळा होतो. नळीचं तसं करता येत नाही, कारण तिचं दुसरं टोक अजून इंजिनाला धरून असतं आणि मालकाने ते पाहिलेलं असतं.

या नळीतून डिझेल जात नाही, ऑइल जात नाही, पाणीही जात नाही. मालक विचारतो, "मग हिच्यातून जातं काय?" मिस्त्री म्हणतो, "व्हॅक्यूम." म्हणजे काहीच नाही. काहीच न नेणाऱ्या नळीचे पैसे मागायला त्यालाही संकोच वाटतो, म्हणून बिलात ती 'किरकोळ' या सदरात जाते. त्या किरकोळ सदरावर गाडीचा ब्रेक, गाडीचा टर्बो आणि मालकाचा त्या दिवसापुरता स्वभाव असे तिन्ही अवलंबून असतात.

काहीच नसण्यात किती ताकद असते हे सतराव्या शतकात मॅग्डेबर्गच्या ओट्टो फॉन गेरिके याने जगाला दाखवलं. तांब्याचे दोन अर्धगोल त्याने एकमेकांना लावले, आतली हवा पंपाने काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. घोड्यांना घाम फुटला, गोल काही फुटेना. हे गृहस्थ त्या शहराचे महापौर होते. महापौराने शहरातली हवा काढून दाखवली आणि लोक साडेतीनशे वर्षं त्याचं नाव घेताहेत, हे उदाहरण आपल्याकडच्या महापौरांना सांगू नये.

पेट्रोल इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतं तेव्हा हाच प्रयोग बॉनेटखाली चालू असतो. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद, पलीकडे पिस्टन हवा ओढताहेत, त्यामुळे मधल्या मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याच्या 450 ते 500 मिलिमीटर एवढा व्हॅक्यूम तयार होतो. समुद्रसपाटीला हवेचा सगळा दाबच मुळी 760 मिलिमीटर. त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो, आणि म्हणून साठीतल्या मावशींच्या एका पायाने टनभर गाडी थांबते. (महाबळेश्वरला हवेचा दाब साधारण सातव्या हिश्श्याने कमी असतो, म्हणजे ही ओढही तेवढी कमी. स्ट्रॉबेरी खाऊन उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा असं वडीलधारे सांगतात ते उगाच नाही. अर्थात वडीलधाऱ्यांना हे कारण माहीत नसतं, त्यांना पेट्रोल वाचवायचं असतं.)

इथवर सगळं सरळ आहे. नळी ओढते, एवढंच तिचं काम. शिवाय ओढीमुळे ती आपल्या निपलाला आपणच चिकटून राहते, क्लिप नसली तरी चालतं. मग मध्ये टर्बो येतो.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली एक्झॉस्टच्या झोतावर चक्र फिरवून इंजिनात हवा कोंबण्याचं पेटंट घेतलं. कल्पना फारच सुंदर. फुकट जाणारा धूर कामाला लावायचा. मात्र टर्बोला पहिल्या दिवसापासून नोकरचाकर लागतात. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो लावलेली पहिल्या काही गाड्यांपैकी एक गाडी आली, तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरायची एक वेगळी टाकी होती. मिश्रणाचं नाव 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. ते संपलं की गाडी स्वतःच आपला जोर आवरून घ्यायची. मालक ते भरायला विसरायचे आणि गाडीत दम नाही म्हणून तक्रार करायचे. रॉकेट फ्लुइड विकत घेऊन भरायला विसरणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

तर टर्बो आल्यावर नळीचं काय होतं? आयडलला ती ओढते आणि पाय दाबला की तीच नळी फुंकायला लागते. मॅनिफोल्डमध्ये आता बाहेरच्याहून जास्त दाब असतो. घटकेपूर्वी जी ओढ नळीला निपलावर धरून ठेवत होती तिच्या जागी तिला उडवून लावणारा धक्का येतो. म्हणून टर्बोच्या गाडीत प्रत्येक टोकाला क्लिप लागते. ब्रेक बूस्टरच्या वाटेवर वन-वे व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर टर्बोची हवा बूस्टरमध्ये शिरून ऐन वेगात ब्रेक दगड होतो. त्या व्हॉल्व्हवर एक बाण कोरलेला असतो. बाण काळ्यावर काळा, तांदळाच्या दाण्याएवढा आणि बहुतेक वेळा खालच्या बाजूला. कोरणाऱ्याने आपलं कर्तव्य केलेलं असतं. वाचणाऱ्याची काळजी त्याच्या कामात बसत नाही.

आणि मग वेस्टगेट. टर्बो हा स्वभावाने न थांबणारा प्राणी. जास्त धूर, जास्त फिरणं, जास्त हवा, त्यातून आणखी धूर. त्याला कोणीतरी पुरे म्हणावं लागतं. ते काम एका डबीतला पडदा करतो. हवेचा दाब वाढला की एका बारीक नळीतून तो डबीपर्यंत पोचतो, पडदा स्प्रिंगला रेटतो, दांडी सरकते, झडप उघडते आणि थोडा धूर टर्बाइनला बगल देऊन निघून जातो. ही नळी म्हणजे टर्बोच्या कानापर्यंत जाणारा एकमेव निरोप. ती निसटली तर निरोप पोचत नाही. मग बूस्ट वाढतच जातो, गाडी अशी काही पळते की मालकाला वाटतं सर्व्हिसिंग झकास झालं, आणि दुसऱ्या मिनिटाला गाडीचा कॉम्प्युटर घाबरून इंधन तोडतो. तो घाबरला नाही तर पिस्टन तुटतो.

पुढे या निरोपाच्या वाटेवर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बसवला गेला, आणि कारभार थेट मंत्रालयासारखा झाला. आदेश वरून विजेने येतो, अंमलबजावणी खाली हवेने व्हायची असते आणि मधे तीन तोंडांचा एक कारकून बसलेला असतो. एका तोंडाने दाब घ्यायचा, दुसऱ्याने डबीकडे पाठवायचा, तिसऱ्याने नको तेवढा सोडून द्यायचा. तिन्ही तोंडं सारख्याच मापाची. नळ्यांची अदलाबदल झाली की फाइल भलत्या टेबलावर जाते. कारकून दिवसभर टकटक करत काम करत असतो आणि खाली काहीही पोचत नाही.

आपल्याकडे टर्बो आला तो मुख्यतः डिझेलच्या बॉनेटखालून, आणि डिझेलचं सगळंच उलटं. जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, त्यामुळे फुकटचा व्हॅक्यूमही नाही. तो पंप लावून तयार करावा लागतो. कुठे अल्टरनेटरच्या पाठीवर, कुठे कॅमशाफ्टच्या टोकाला. एका पंपावर ब्रेक, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) आणि टर्बो असे तीन खाणारे. पात्यांच्या टर्बोत, म्हणजे व्हीजीटीत, व्हॅक्यूमने दांडी ओढली की टर्बाइनभोवतीच्या पात्या आवळतात आणि कमी आरपीएमलाही टर्बो जोर धरतो. व्हॅक्यूम गेला की पात्या सताड उघड्या आणि टर्बो रजेवर.

आता गंमत बघा. पेट्रोलच्या वेस्टगेटची नळी निसटली तर गाडी उधळते. डिझेलच्या व्हीजीटीची नळी निसटली तर गाडी मरगळते. नळी तीच, जाडी तीच, दुकानात भावही तोच. "टर्बोची नळी निघाली की काय होतं?" या प्रश्नाला दोन मिस्त्री दोन विरुद्ध उत्तरं देतात, दोघेही बरोबर असतात आणि त्यावरून त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं.

मरगळलेली गाडी खंबाटकी घाट चढताना ओळखावी. दुसरा गिअर, पाय जमिनीला टेकलेला, मागून एसटीचा हॉर्न, आणि शेजारच्या सीटवरून "डिझेल संपलंय का?" अशी चौकशी. गॅरेजात गेल्यावर स्कॅनर लावतात. स्कॅनरवर येतं, 'बूस्ट प्रेशर कमी'. हे खंबाटकीवर एसटीच्या कंडक्टरलाही कळलेलं असतं. पण यंत्राने सांगितलं की त्याला मान मिळतो. मग बूस्टचा सेन्सर बदलतात. मग ईजीआर साफ करतात, त्यातून निघालेली काजळी मालकाला कागदावर काढून दाखवतात. मग इंटरकूलरचा जाड पाइप. मग कोणीतरी गंभीर चेहऱ्याने "टर्बो गेला" असं जाहीर करतो, आणि नव्या टर्बोची किंमत ऐकून मालक बाकावर बसतो. या सगळ्या यादीत नळी शेवटी येते, कारण ती स्वस्त आहे. एवढ्या महाग गाडीचं दुखणं इतकं स्वस्त असेल यावर मिस्त्रीचा विश्वास बसत नाही आणि मालकाचा तर त्याहून नाही.

अशा वेळी एखादा म्हातारा मिस्त्री पुढे होतो. "सगळे गप बसा," म्हणतो. पोऱ्याला इंजिन चालू ठेवायला सांगतो, डोळे मिटतो आणि हातातल्या लांब नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं इंजिनावर फिरवतो. कुठूनतरी 'स्स्स' येतं. काही जण उदबत्ती फिरवतात. धूर एकदम आत ओढला गेला की चीर तिथेच. हा प्रकार बघून एका मालकाने हात जोडल्याचं मी पाहिलं आहे. पुढे त्यानेच बिलावर घासाघीस केली ते वेगळं.

या विद्येचं सर्वोच्च पीठ मात्र जपानात आहे. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने 1991 साली आरएक्स-7 ची तिसरी पिढी आणली. गाडी दिसायला अशी की आजही लोक तिच्यासमोर उभे राहून बोलणं विसरतात. इंजिन रोटरी, दोनच रोटर, 1.3 लिटर. त्याला दोन टर्बो, आणि तेही पाळीपाळीने चालणारे. खाली पहिला टर्बो एकटा राबतो. साधारण 4500 आरपीएमला दुसरा रुजू होतो. पण असा एकदम आला तर झटका बसेल, म्हणून त्याला आधीच थोडा धूर देऊन फिरवत ठेवायचं, त्याची हवा तोवर बाहेर सोडायची, वेळ झाली की ही झडप बंद, ती उघडी. हे सगळं ठरवायला सोलेनॉइडांची ओळ, व्हॅक्यूमची एक टाकी, दाबाची दुसरी टाकी, पडद्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या असलेल्या डब्या, जागोजाग वन-वे व्हॉल्व्ह. आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्यांचं जंगल इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, जिथे हात जात नाही आणि उष्णता मात्र जाते. रोटरीचा एक्झॉस्ट नेहमीच्या इंजिनापेक्षा तापट. रबर काही वर्षांत बिस्किटासारखं कुरकुरीत होतं.

मग त्यातली एक नळी तडकते आणि दुसरा टर्बो कामावर येत नाही. कोणती तडकली हे शोधायला वरचं अर्धं इंजिन उतरवावं लागतं. तेवढं उतरवलंच आहे तर सगळ्याच नळ्या बदलू, असं कोणीही शहाणा माणूस म्हणेल, आणि तिथूनच खरी कथा सुरू होते. मालक हौसेने निळी सिलिकॉनची नळी मीटरवर आणतो. जुन्या नळ्या एकेक काढतो, नव्या बसवतो, जुन्या कचऱ्यात टाकतो. गाडी चालू करतो आणि बूस्टचं सगळं गणितच बिघडतं. कारण वेस्टगेटकडे आणि दुसऱ्या टर्बोला आधी फिरवणाऱ्या झडपेकडे जाणाऱ्या नळ्यांच्या पोटात माझदाने बारीक भोकाच्या छोट्या गोळ्या ठेवल्या होत्या. हवेचा वेग त्या भोकाने मोजून ठेवलेला होता. बाहेरून काहीच दिसत नाही. गोळी नळीबरोबर कचऱ्यात गेलेली असते, आणि तोवर घंटागाडी येऊन गेलेली असते. जपानात तर ती अगदी वेळेवर येते.

या नळ्यांना कंटाळून कित्येक जण ती सगळी पाळीव्यवस्थाच उखडून टाकतात. दोन्ही टर्बो एकदमच चालवतात किंवा दोघांना काढून एकच मोठा बसवतात. गाडी साधी होते, भरवशाची होते. खालच्या आरपीएमला जरा सुस्तही होते. पण माझं मत विचाराल तर त्या जंगलाबद्दल मला आदर आहे. कॉम्प्युटर आजच्या इतके हुशार नव्हते त्या काळात कोणीतरी टेबलाशी बसून हवेकडून एवढी शिस्त करून घेतली. फक्त नंतर ते काढणाऱ्याचा विचार करायला त्याला सवड मिळाली नाही.

नळी कुठून न्यावी याचे नियम तसे थोडे आहेत आणि सगळे मोडले जातात. नळी आखूड असावी म्हणजे निरोप लवकर पोचतो. पण ताणलेली नसावी, कारण इंजिन आपल्या रबरी पायांवर डुलत असतं आणि पाय दाबला की एका अंगाला झुकतं. टर्बोच्या गरम अंगापासून लांब असावी. पत्र्याच्या कडेवर घासू नये. वळण असं नसावं की नळी मुडपून बंद होईल. वेस्टगेटला दाब टर्बोच्या जवळूनच द्यावा, आणि इंधनाच्या रेग्युलेटरची नळी कोणाबरोबर वाटून घेऊ नये. हा शेवटचा नियम पाळणारा मी अजून पाहिला नाही. ज्याला त्याला 'टी' लावायचा मोह. बूस्टचा मीटर हवा, लावा टी. अजून एखादी डबी आली, टीला टी. एका निपलावर सगळी वस्ती उभी राहते आणि मग एकाची गळती सगळ्यांना भोवते.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची नळी थ्रॉटलच्या पलीकडून घ्यायची असते, म्हणजे पाय उचलल्यावर तिथे व्हॅक्यूम होतो आणि झडप उघडून अडकलेली हवा 'फुस्स' करून सुटते. अलीकडून घेतली तर झडप उघडत नाही आणि कॉम्प्रेसर फडफडतो. गावातल्या तरुणांना हे दोन्ही आवाज आवडतात, त्यामुळे नळी चुकली काय नि बरोबर लागली काय, आनंद ठरलेला. काही जण तर डिझेल गाडीला, जिला थ्रॉटलअभावी या झडपेची गरजच नाही, फुस्स करणारं यंत्र बटणावर बसवून घेतात. सिग्नलला उभी असतानाही गाडी फुस्स करते. त्यांच्या नळ्या मात्र कधी चुकत नाहीत, कारण त्यांना कुठेच जायचं नसतं.

उंदरांबद्दल लिहिलं नाही तर पुण्यातले वाचक पत्रं पाठवतील. पावसाळ्यात पार्किंगमधल्या उंदराला गरम इंजिनासारखी जागा नाही आणि रबरासारखा नाश्ता नाही. त्यावर लोक बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात. उंदीर पुडीला वळसा घालून नळी खातो. हल्लीच्या पुष्कळ नव्या गाड्यांत वेस्टगेट आणि पात्या विजेवर चालतात, नळीच्या जागी वायर आली. उंदराची त्याबद्दल तक्रार ऐकली नाही.

उंदराइतकंच नुकसान आपण दुरुस्तीने करतो. टोक कडक होऊन चिरलं की मिस्त्री अर्धा इंच कापतो आणि नळी पुन्हा घुसवतो. पुढच्या सर्व्हिसला आणखी अर्धा इंच. काही वर्षांत ती नळी इंजिनावरून तारेसारखी ताणून उभी राहते आणि खड्ड्यात गाडी आदळली की सुटते. नवी नळी त्या दिवशी दुकानात नसली तर सलाइनची नळी येते. गरम झाल्यावर ती मऊ होऊन आत चपटते. ईजीआरचा त्रास नको म्हणून त्याच्या नळीत बेअरिंगची गोळी बसवून ती बुजवण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो म्हणून मालक खूश. गाडी विकताना हे तो सांगत नाही. पुढचा मिस्त्री दिवसभर तपासत बसतो की सगळं जोडलेलं असून काही हलत का नाही.

अमेरिकेत विकायच्या गाड्यांना बॉनेटच्या आतल्या बाजूला प्रदूषणाची माहिती देणारी एक चिकटपट्टी असते, तिच्यावर नळ्यांचा नकाशाही छापलेला असायचा. कुठली नळी कुठून कुठे, रेघा मारून. आपल्याकडे बॉनेटखाली त्या जागी गॅरेजच्या फोन नंबरचा स्टिकर असतो, आणि तोच आपला नकाशा. फोन केला की पलीकडून उत्तर येतं, "फोटो पाठवा."

म्हणून विनंती एवढीच आहे. गाडी गॅरेजात टाकण्याआधी बॉनेट उघडा आणि खिशातल्या मोबाइलने नळ्यांचे फोटो काढून ठेवा, वरून, दोन्ही बाजूंनी आणि जमलं तर बाणांचे जवळून. नळी काढताना टोकाला चिकटपट्टी लावून नंबर लिहायला लावा. जुनी नळी फेकण्याआधी तिच्यातून फुंकर मारा आणि बोटांनी दाबत शेवटपर्यंत चाचपा. आणि फोटो काढताना पोऱ्याला जरा बाजूला व्हायला सांगा. नाहीतर नेमकं नळी बसते त्या जागी त्याचं कोपर येतं.